आत्याला ऐकवायचं आहे

सोमवार, १४ जुलै २०२५, संकष्टी

नेत्राताई,

एकवीरा आईच्या कृपेने आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे. पण उपास करून खोटं लिहायला बसलेले नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

हे पत्र रत्नपालभाऊजींच्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तुझ्या घरचा पत्ता मी कधी विचारलाच नाही. फोन केला असता, पण आपल्या घरात माजघरात बोललेलं ओट्यावर ऐकू जातं, ते तुला ठाऊक आहे. आणि तुझे दादा ओट्यावरच बसतात.

मृणाली तुझ्याकडे यायचं म्हणते आहे. सव्वीस वर्षांची झाली. तू गेलीस तेव्हा आठची होती. ओट्यावर शिंपल्या रांगेत लावायची आणि रांग कुणी मोडली की भिंतीवर डोकं आपटायची. आपण तिला हट्टी म्हणायचो. पुढे पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, ऑटिझम. मराठीत स्वमग्न म्हणतात, असंही त्या म्हणाल्या. मृणालीला तो शब्द पटला नाही. घरी येताना गाडीत म्हणाली, "मला माझं काही सुचतच नाही, आई. बाहेरचंच थांबत नाही."

ते बाहेरचं ती लिहून काढते. कथा लिहिते. तुझ्या दादांच्या गाडीच्या जुन्या पावत्या पाठकोऱ्या असतात, त्यांवर. नवीन कागद आणून दिले तर म्हणते, फार पांढरे आहेत. मला ते बरंच पडतं.

आता तिची रीत सांगते, कारण सगळा घोळ त्या रीतीचा आहे. ज्याच्यावर लिहिलं, त्याला ऐकवल्याशिवाय ती कागद घराबाहेर पाठवत नाही. मी सांगून बघितलं, नावं बदल आणि मोकळी हो. तर म्हणते, "नाव बदललं की माणूस बदलतं. मग मला पुढचं दिसत नाही." समोर बसून सगळं वाचते आणि शेवटी विचारते, "हे असंच झालं का? ठेवू?" शेजारच्या वेणूबाईंच्या शेळीवर लिहिलं, तेव्हा वेणूबाई पदर खोचूनच ऐकायला बसल्या. "पोलका हिरवा होता गो माझा, लाल न्हाय. आन शेली मेली तवा मी रडले न्हाय. मना पडसा झालेला." मृणालीनं पोलकं हिरवं केलं, रडल्या ते खोडलं आणि लिहिलं, वेणूबाईंना पडसं झालं होतं. छापून आल्यावर वाचणारे नेमके त्याच ओळीवर रडले म्हणे. मला यातलं काही कळत नाही.

पण दुकानवाल्या हितेशनं ऐकून न घेताच कागद फाडले. "ही येडी आमची जासूसगिरी करते," म्हणून चार गिऱ्हाइकांत हसला. त्यानंतर सबंध पावसाळा ती बोलली नाही आणि लिहिलंही नाही. ताट तसंच परत यायचं. मी देवाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

आता तिनं तुझ्यावर लिहिलं आहे. तू गेलीस त्या दिवसावर. तुझ्या दादांनी तुझ्या नावानं आंघोळ केली. जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करतात ती त्याला तोडायला, हे मोठ्यांना कळतं. त्या पोरीला एवढंच ठाऊक होतं की माणूस मेलं की घरचे आंघोळ करतात. ती तुला मेलेलीच धरून चालली होती आणि मला पत्ता नाही. पुढे कधीतरी भात खाता खाता विचारलं, "आत्याला कुठं जाळलं?"  मी सांगितलं, अगं, आत्या म्हसळ्याला आहे, रत्नपाल गुरुजींशी लग्न केलंय, ते लोक बौद्ध आहेत म्हणून बाबा बोलत नाहीत. तर म्हणाली, "मग आंघोळ कोणाची केली?"

याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. तेच तिनं कथेत विचारलं आहे.

अलिबागच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना ही कथा हवी आहे, पंधरा ऑगस्टच्या आत. मृणालीनं फोनवर नुसती हकिगत सांगितली, त्यावर त्यांनी कळवलं की त्या लहान मुलीला काय वाटलं तेही येऊ द्या. मृणाली दोन दिवस घरात येरझारा घालत होती. "आई, वाटलं ते लिहिलंय ना. भिंतीचा चुना चाटला, असं लिहिलंय." मी घरखर्च लिहिते. 'तेल फार महागलं' असं कधी लिहीत नाही, आकडा लिहिते, ज्याला कळायचं त्याला कळतं. तिचंही तसंच काहीतरी असावं. संपादकबाईंनीही मग मान्य केलं.

माझं मागणं एवढंच. तू एका ओळीत कळव की मला ऐकायचं नाही. कारण लिहू नकोस. कारण लिहिलंस तर ती तेवढं दुरुस्त करून पुन्हा विचारील. कागदावरचं 'नाही' ती सोसते. दारातलं सोसवत नाही, ते मी एकदा बघितलं आहे.

आणि समजा ऐकलंसच, तर ऐक आणि 'असंच झालं' म्हण. काही दुरुस्त करू नकोस. तिनं जेवढं बघितलं तेवढंच तिनं लिहिलंय, आणि तेवढंच राहू दे. मी काय म्हणते ते तुला कळेल.

उत्तर वेणूबाईंच्या पत्त्यावर टाक.

तुझी वहिनी,
तुळशी


शुक्रवार, २५ जुलै, श्रावणाचा पहिला दिवस

नेत्राताई,

कार्ड मिळालं. मी काय मागितलं होतं आणि तू काय लिहिलंस! "येऊ दे. वाट बघते." वेणूबाईंनी कार्ड माझ्या हातात द्यायचं, तर सरळ मृणालीच्या हातात दिलं. "आत्याचा हाय ना? मंग तिलाच दिला." आता ती मंगळवारी निघणार. एकटी. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाली, "तू आलीस तर आत्या तुझ्याकडे बघून ऐकेल."

तुझे दादा मंगळवारी गाडी घेऊन उरणला आहेत. म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही. पण त्यांनी परत येऊन हिला विचारलं तर ही सांगणार, तिला दुसरं येत नाही. देवापुढे बसते तर जपात लक्ष लागत नाही.

आता नीट वाच आणि घरात सगळ्यांना सांग.

आल्याबरोबर जवळ घेऊ नकोस. पाठीवर हात नको. ती "कशी आहेस" विचारणार नाही, त्याचा राग मानू नकोस. वाचताना मिक्सर, टीव्ही, शिट्टीचा कुकर काही नको. तोंड भिंतीकडे करून वाचेल, एका सुरात, मंगलाष्टकं असोत की रडणं, सूर तोच. मध्ये "अरे वा" म्हणू नकोस. तुला रडू आलं तर ती थांबेल आणि विचारील, काय चुकलं? तेव्हा रडायचं ते नंतर रड. जेवायला वाढलंस तर भातावर कालवण ओतू नकोस, वाटीत वेगळं दे.

आणि पाणी. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. ती फक्त आपल्या बाटलीतलं पाणी पिते. तुमच्याकडेच नाही, माझ्या माहेरीही, देवीच्या तीर्थालाही ती हात पुढे करत नाही. भांड्याच्या काठाचा वास तिला सहन होत नाही. पण तुझ्या सासूबाई काय समजतील ते मला इथे बसून दिसतं आहे. आगऱ्यांच्या घरची पोरगी आली आणि आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. मी ताई, आजवर त्यांच्या घरी आले नाही, ते माझं मला. पण हिच्या बाटलीत ते काही नाही. हे त्यांना आधीच सांगून ठेव. विसरू नकोस.

आणि पहिल्या पत्रात शेवटी लिहिलं होतं ते लक्षात ठेव. दुरुस्त करू नकोस.

तुळशी


मंगळवार, २९ जुलै, नागपंचमी

नेत्राताई,

सकाळच्या श्रीवर्धन गाडीत बसवून आले. खिडकीची जागा मिळाली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. कंडक्टरला सांगितलं की म्हसळा आलं की आवाज देऊ नका, नुसतं समोर उभे राहा. तो हसला. मी त्याला हात जोडले, तेव्हा बिचारा गप्प झाला.

नागोबाची पूजा केली. लाह्या वाहिल्या आणि दूध तसंच हातात राहिलं, वाहायचं विसरले. असं माझ्याकडून कधी झालं नाही. आज काही चिरायचं नाही, तळायचं नाही, हाताला कामच नाही. म्हणून लिहिते आहे. रस्ता खराब, माणगावला गाडी तासन्‌तास अडकते म्हणतात. आता ती दारात असेल. आता बाटली काढली असेल. माझं पत्र वेळेत पोचलं असेल ना?

संध्याकाळी.

आली. तुझं घर सोडल्यापासून इथवरचं सगळं तिनं सांगितलं, पण मला हवं तेच शेवटी.

माझं पत्र पोचलंच नव्हतं. मी विचारलं, "आजींनी पाणी दिलं का?"

"दिलं. मी बाटलीतलं प्यायले. आजी तांब्या उचलून आत गेल्या."

"काही बोलल्या?"

"भांडी जोरात ठेवली."

 पण पुढे तिनंच सांगितलं की आत्यानं विचारलं, अगं, तू आमचं पाणी का घेत नाहीस? "मग मी आत जाऊन आजींना सांगितलं की मी कुणाचंच पीत नाही. आईचंपण नाही. भांड्याला वास येतो." त्यावर रखमाआजी म्हणाल्या म्हणे, "असं व्हय! मी म्हटलं आली जात दाखवायला. मग बाटलीत भर की आमच्या माठातलं, माठाला कसला वास?" आणि हिनं भरलं. तेच पाणी पीत घरी आली. "आपल्यापेक्षा गार आहे," एवढं बोलून हातपाय धुवायला गेली.

रखमाआजींना माझा नमस्कार सांग. त्यांच्यापुढे यायला मला तोंड नाही, पण नमस्कार सांग.

कथेचं विचारलं तर म्हणाली, "आत्यानं एक चूक सांगितली. मी लिहून घेतलं. उद्या तुला ऐकवते."

मला का? कथेत तर मी नव्हते, नुसती दारात उभी होते.

तुळशी


गुरुवार, ३१ जुलै

नेत्रा,

तू हे काय केलंस? मी दोनदा लिहिलं होतं. दुसरं पत्र नसेल पोचलं, पहिलं तर पोचलं होतं!

काल मृणाली माझ्यासमोर बसली, भिंतीकडे तोंड करून, आणि वाचलं. आधी होतं, आई दारात उभी राहिली, आत्या रस्त्यानं गेली. आता तिथे काय आहे ते तुला मी सांगायला नको. आई देव्हाऱ्याकडे गेली. खालच्या खणातून आत्याचा शाळेचा दाखला काढला, पदराखाली घेतला आणि मागच्या दारानं मिठागराच्या बांधावरून रस्त्याला पोचली. दाखल्याशिवाय रजिस्टर लग्न होत नाही, हे तिला ठाऊक होतं. गाडी आली तेव्हा तिनं दाखला आत्याच्या हातात दिला आणि म्हणाली, आता मागं बघू नको.

एवढं सगळं. "आता मागं बघू नको"सुद्धा. हे शब्द तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होते?

वाचून झाल्यावर वळली नाही. भिंतीलाच विचारलं, "हे असंच झालं का? ठेवू?"

मी म्हटलं, झालं असंच. पण ठेवू नको.

"का?"

बाबांना कळेल म्हणून.

"बाबा पण कथेत आहेत," ती म्हणाली. "त्यांना ऐकवायचंच आहे."

ताई, या घरात माझा संसार आहे. अठरा वर्षं ते समजून चालले आहेत की दाखला तू आदल्या दिवशीच काढून नेला होतास. ते वाईट नाहीत. हिच्या दवाखान्याला त्यांनी कधी ना म्हटलं नाही. हिनं कुठल्या मळक्या पावतीवर काय लिहिलं ते कळत नसलं तरी पावत्या रांगेनं लावून हिच्यासाठी खिळ्याला अडकवून ठेवतात. पण तुझं नाव निघालं की ताटावरून उठतात. "मेली ती," एवढंच. आणि तुला ज्या बाईनं पाठवलं ती रोज त्याच ताटात त्यांना वाढते, हे त्यांना एका पोरीच्या एकसुरी आवाजात ऐकू येणार.

मी मृणालीला म्हटलं, तेवढा एक परिच्छेद गाळ. संपादकबाईंना काय कळणार आहे? तिनं कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाली, "गाळला तर आत्या त्या गाडीत दाखल्याशिवाय बसते. पुढचं लग्न खोटं होतं." तुझं लग्न, ताई. 

मग मी विचारलं की मी 'ठेवू नको'च म्हटलं तर?

"मग कथा जाणार नाही," म्हणाली. रागानं नाही. कागद पिशवीत घातले, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि रात्री ताट तसंच परत आलं.

आज सकाळी पण चहा तसाच. हितेशच्या वेळचं सगळं मला आठवतं आहे. तिकडे ती पोरगी बंद होते, इकडे माझं घर. तू दुरुस्त केलंस आणि मोकळी झालीस. मला सांग, मी काय करू? नको, सांगू नकोस. तुझं पत्र येईपर्यंत चार दिवस जातील, आणि तिनं चार दिवस जेवायचं नाही हे मला चालणार नाही.

तुळशी


सोमवार, ४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

नेत्राताई,

मागच्या पत्रात तुला टाकून बोलले. तू मनावर घेणार नाहीस, मला ठाऊक आहे.

शुक्रवारी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि मृणालीला म्हटलं, ठेव. तिनं विचारलं, "सगळं?" सगळं, म्हटलं. ती उठून चुलीपाशी गेली आणि कालची भाकरी होती ती उभ्यानं खाल्ली.

मंगळवारचं तुझ्या दादांनी काही विचारलंच नाही, म्हणून हिनंही सांगितलं नव्हतं. ते काल घरी होते. दुपारचं जेवण झाल्यावर ओट्यावर बसले, तशी ही कागद घेऊन समोर जाऊन बसली. "बाबा, तुमच्यावर लिहिलंय. ऐका."

"माझ्यावर काय लिवायचा हाय?" म्हणून हसले. त्यांना वाटलं, गाडीवर लिहिलं असेल. "वाच, वाच. डिझेलचा भाव लिवलास का?"

ही भिंतीकडे वळली आणि सुरुवात केली. तुझं नाव दुसऱ्याच ओळीत आहे. मी दाराच्या आत उभी होते, कडी हातात घट्ट धरून. मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. पोरीची पाठ त्यांच्याकडे होती, ओरडणार कुणावर? ती वाचत राहिली. तुझी पिशवी, रस्ता, शिंपल्यांची रांग, सगळं. मग आलं, बाबांनी न्हाणीत गरम पाण्यानं आंघोळ केली.

"गरम नव्हता," तुझे दादा म्हणाले.

मृणाली थांबली.

"विहिरीचा होता. थंड."

तिनं कानामागची पेन्सिल काढली, गरम खोडलं, थंड लिहिलं, आणि पुढे गेली. ताई, मला तेव्हा कळलं की ते ऐकताहेत. नुसतं कानावर पडत नाही, ऐकताहेत.

मग माझं आलं. देव्हारा, खण, मागचं दार, बांध. मी डोळे मिटून घेतले. एकवीरा आईचं नाव घ्यायला गेले तर तेही सुचेना. "आता मागं बघू नको" इथवर वाचलं आणि ओट्यावरून चपलांचा आवाज आला. डोळे उघडले तर ते अंगण ओलांडून बांधाच्या दिशेनं चालले होते. धोतर भिजत होतं, छत्रीसुद्धा घेतली नाही.

मी मृणालीला म्हटलं, ऊठ, आत ये. ती उठली नाही. ज्या ओळीवर ते उठले त्या ओळीवर बोट ठेवून बसली. "अजून संपलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं नाही."

वेणूबाई कुंपणातून विचारू लागल्या, "दयारामभाऊ कनं गेलं पावसात?"  तुझ्या दादांसाठी कोरडा टॉवेल काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

आले. टॉवेल माझ्या हातातून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, पण घेतला. पहिल्या जागी बसले आणि पोरीच्या पाठीला म्हणाले, "वाच."

तिनं बोट उचललं आणि शेवटपर्यंत वाचलं. भिंतीचा चुना, भाताच्या वेळचा प्रश्न, आणि आंघोळ कोणाची केली, तिथे कथा संपते. मग तिनं नेहमीसारखं विचारलं, "हे असंच झालं का? ठेवू?"

खूप वेळ ते पायाची बोटं पुसत बसले. मला वाटलं, झालं, आता 'मेली ती' म्हणतील आणि उठतील.

ते म्हणाले, "गारीत चढताना रडली का ती?"

मृणाली म्हणाली, "ते मी बघितलं नाही. आत्यानं सांगितलं नाही. मी विचारलंच नाही."

"मंग इचार," ते म्हणाले. "त्याबिगर कशाला छापतंस?"

मी तिथे होते, ताई. त्या गाडीच्या दाराशी मीच होते, तू रडलीस की नाही ते मला ठाऊक आहे. तोंडाशी आलं होतं. पण मी बोलले नाही. त्यांनी ते मला विचारलं नव्हतं.

माझ्याशी ते कालपासून बोललेले नाहीत. रात्री जेवले, ताटावरून उठले नाहीत, आज सकाळी चहा घेतला. पुढे काय ते मला ठाऊक नाही. मृणालीनं संपादकबाईंना कळवलंय की एक गोष्ट विचारायची राहिली आहे, पंधरा तारखेच्या आत पाठवते.

तेव्हा आता तू लिही. तू रडली होतीस की नाही, जे असेल ते. रत्नपालभाऊजींकडून लिहवून घेऊ नकोस, तुझ्या हातानं लिही. वेणूबाईंच्या पत्त्यावर टाकू नकोस आणि माझ्या नावावरही नको. घरच्या पत्त्यावर पाठव, आणि पाकिटावर तुझ्या दादांचं नाव घाल.

तुझी वहिनी,
तुळशी